माशी उंच, गोळी खाली

बारामती-इंदापूरकडे आपण ‘थ्री नॉट थ्री’ पाहिली ती पोलिसांच्या खांद्यावर. तिची काडतुसं आपल्याच जिल्ह्यात, खडकीला बनायची. पण नळीच्या टोकावरची माशी आपण कधी नीट पाहिली का? १९०७ साली आलेल्या ली-एनफिल्ड मार्क थ्रीसाठी माशीची पाती वेगवेगळ्या उंचीची असत. कारण एकाच कारखान्यातली प्रत्येक रायफल थोडी वेगळी मारते. उंच पातं लावलं, की नेम धरताना नळी खाली झुकते, गोळी खाली लागते. बुटकं लावलं, की वर. म्हणून आधी पाच गोळ्या झाडून बघायच्या. पाचही एकाच जागी, पण खाली बसल्या, तर हात पक्का आहे. पातं बुटकं घ्या. हे न तपासता शिपायालाच नापास ठरवलं, तर तो आपण त्याच्यावर केलेला अन्यायच.