माळावरची भरती

माणसं शोधून आणणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. सांगलीजवळच्या कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पर्सोनेलमध्ये सगळी नोकरी केली. त्यामुळे किर्लोस्करवाडीचा इतिहास वाचतानाही तिथे बनलेल्या नांगराच्या आधी माझं लक्ष भरतीकडे जातं. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्या कारखान्याचं बेळगावचं बस्तान हलवून कुंडल रोड स्टेशनाशेजारी आले. जागा म्हणजे औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेला 32 एकरांचा माळ. त्यावर निवडुंग आणि नाग. असल्या ठिकाणी पंचवीसेक कामगार बायकापोरांसकट कशाला आले असतील? जाहिरात वाचून नसणार. मालक ओळखीचा होता, आणि त्यानं कारखान्याबरोबर राहायला गावही वसवायला घेतलं होतं.

कोण लायक, याचा हिशेबही वेगळाच. शंभोराव जांभेकर इंजिनिअर, तर अनंतराव फळणीकरांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली. रात्रीच्या राखणीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही शिक्षा भोगून आलेले. आमच्या छापील अर्जात ‘पूर्वी शिक्षा झाली आहे काय?’ असा रकाना असे. दोघांचाही निकाल तिथेच लागला असता. अर्थात लक्ष्मणरावांना रकाने भरायचे नव्हते, राखण हवी होती.

पुढे मध्ये सरकार आलं. 1959 च्या कायद्यानुसार 25 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खासगी कारखान्यानं रिकामी जागा सेवायोजन कार्यालयाला कळवावी लागे. त्यांच्याकडूनच माणूस घ्यायची सक्ती मात्र नव्हती. आम्ही इमानेइतबारे कळवायचो. यादी यायची, कॉल जायचे आणि मोल्डरच्या जागेला बी.ए. झालेली पोरं सायकल मारत यायची. कामाची माणसं आणायचे ते आमचेच जुने मोल्डर : “साहेब, मेव्हणा आहे माझा. हात चांगला आहे.” इंजिनिअर हवा असला की रविवारच्या पेपरात चौकट द्यायची, मग टपालाची चळत फोडत बसायचं.

नौकरी डॉट कॉम हे नोकऱ्यांचं पोर्टल 1997 मध्ये सुरू झालं. आमच्या ऑफिसात ते पोचलं फार उशिरा, मालकांचा मुलगा कारभार बघायला लागला तेव्हा. सीएनसी एवढा शब्द टाकला की कोइमतूर, राजकोट, जमशेदपूर, कुठूनकुठून बायोडेटा! मी हरखलो. फोन लावले. पगारावर जमायचं, आणि मग तिकडून विचारणा व्हायची : सांगली पुण्यापासून किती लांब? मिसेसला नोकरी मिळेल का? गाडी तिथेच अडायची. माळावर घरं बांधणारा माणूस मला पुन्हा आठवला, पण आमच्या मालकांना घरं बांधायची नव्हती.

विट्याच्या गलाईवाल्यांना ही अडचण कधी पडलीच नाही. खानापूर-आटपाडीची ही माणसं देशभर सोनं-चांदी गाळतात. हाताखाली पोरगा हवा तर तो भावकीतला नाहीतर गावातला. सोन्याजवळ बसवायचा माणूस बायोडेटा बघून कोण निवडेल?

त्यांच्याकडे बघूनच मी शोधायची रीत बदलली. अनुभव आणि शहर बाजूला ठेवून आधी कॉलेजचं नाव टाकायला लागलो. सांगलीचं वालचंद, 1947 मधलं. कराडचं सरकारी इंजिनिअरिंग, 1960 मधलं. तिथून दहा-बारा वर्षांपूर्वी पास होऊन आता चाकण, भोसरीत असलेली मुलं. त्यातलं कुणी पलूसचं निघे, कुणी रहिमतपूरचं. नेटनं जगभरचे अर्ज आणून दिले खरे, पण मला त्याचा उपयोग झाला तो आपलीच बाहेर गेलेली माणसं हुडकायला. पेपरातल्या चौकटीला हे जमलं नसतं, कारण बरी नोकरी असलेला माणूस ती चौकट वाचतच नाही.

या मुलांना पगार पुण्यापेक्षा कमी सांगितला तरी लगेच फोन ठेवत नसत. आई-वडील थकलेले, घराचा वरचा मजला रिकामा. पहिला प्रश्न ठरलेला : ऊसतोडीची टोळी आली की शिफ्ट बदलून मिळेल का? तेव्हापासून पोर्टलवरच्या जाहिरातीत मी पगाराच्या आधी कारखान्यापासून तासगाव, पलूस, इस्लामपूर आणि कराड किती किलोमीटर ते लिहायला लागलो.