गोंगाटाची कुळी

कृष्णद्रव्याचा, म्हणजे डार्क मॅटरचा, कण यंत्रात धडकेल म्हणून वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि टिपलेली नोंद भलत्याच कुणाची निघायची, असा हा शोध आहे. या भलत्यांना शास्त्रज्ञ वैतागून 'बॅकग्राउंड' म्हणतात. पण त्यांची कुळी काढली तर घराणी मोठी निघतात.

थोरलं घराणं विश्वकिरणांचं. विद्युतभार दाखवणाऱ्या विद्युतदर्शकाची भारामुळे फाकलेली पानं कितीही जपली तरी हळूहळू मिटत. भार कुठे गळतो ते कळेना. १९१२ साली व्हिक्टर हेस फुग्यातून पाच किलोमीटर उंच गेला, तर गळती वाढलेली! कारण वरून, अवकाशातून येत होतं: विश्वकिरण. या गळतीनेच त्याला १९३६ चं नोबेल मिळवून दिलं.

वरून येणाऱ्याला चुकवायचं तर खाली उतरायचं. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेची मंडळी १९५१ पासून कोलारच्या सोन्याच्या खाणीत जात होती, पण चुकवायला नव्हे, मोजायला. विश्वकिरणांतले म्युऑन खडकात किती खोल पोचतात, हा प्रश्न होता. जसजसं खाली जावं तसतशा नोंदी विरळ होत गेल्या. साधारण पावणेतीन किलोमीटरवर यंत्र दोन महिने चालवलं; एकही म्युऑन आला नाही. रिकामी वही पाहून एखाद्याने गाशा गुंडाळला असता. यांनी ओळखलं, की इतक्या शांततेत खडकातूनही आरपार जाणाऱ्या न्यूट्रिनो कणाचीही चाहूल लागेल. १९६५ साली जपानच्या ओसाका सिटी आणि इंग्लंडच्या डरहॅम विद्यापीठांसोबत त्यांनी वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो टिपले. माझ्या मते ती रिकामी वहीच या कुळकथेतलं सर्वांत मोलाचं पान आहे.

कृष्णद्रव्याचा शोधही पुढे सोन्याच्याच खाणीत सुरू झाला. अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीत दुसऱ्याच कामासाठी ठेवलेल्या जर्मेनियमच्या यंत्राने १९८७ साली कृष्णद्रव्याच्या कणांवर पहिल्या मर्यादा घातल्या. पण खाली उतरलं तरी खडकात युरेनियम, हवेत रेडॉन. आडोशाला शिसं लावावं, तर ताज्या शिशातच किरणोत्सारी शिसं-२१० असतं. ते निम्मं व्हायला २२ वर्षं लागतात, म्हणजे शतकांनंतर ते जवळपास उरतच नाही. म्हणून फ्रान्समधल्या एडेलवाइस प्रयोगाने बुडालेल्या रोमन जहाजातलं शिसं वापरलं.

२०२४ मध्ये इटलीतल्या झेनॉन-एनटी आणि चीनमधल्या पांडाएक्स-४टी या कृष्णद्रव्य शोधणाऱ्या यंत्रांनी सूर्याकडून आलेल्या न्यूट्रिनोंची, अशा यंत्रांत लागलेली पहिली चाहूल जाहीर केली. कोलारला ज्याच्यासाठी रात्रंदिवस जागले, तोच कण आता बॅकग्राउंडच्या यादीत बसला आहे, आणि त्याला अडवील असं शिसं रोमनांकडेही नव्हतं.