‘नाइस’ : एका विशेषणाची कुळकथा

शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये एक पत्र वाटेत अडते. ज्युलिएट मेलेली नाही, ती केवळ औषधाच्या गुंगीत आहे, हा निरोप घेऊन निघालेला संन्यासी साथीच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो आणि पत्र रोमिओच्या हाती पडत नाही. हे कळताच फ्रायर लॉरेन्स हळहळतो. ते पत्र ‘नाइस’ नव्हते, असे तो म्हणतो. आजचा वाचक येथे थबकतो. दोन जिवांचे मरण ज्या कागदावर अवलंबून होते तो कागद ‘छान’ नव्हता, म्हणजे काय? लॉरेन्सच्या म्हणण्याचा अर्थ असा की, ते पत्र क्षुल्लक नव्हते. त्या शब्दाला आजचा अर्थ चिकटवला की नाटकाच्या ऐन मर्मस्थळी वाचक वाट चुकतो.

इंग्रजीची पहिली इयत्ता शिकणाऱ्या मुलालाही ठाऊक असलेल्या या शब्दाचे कुळ शोधू गेल्यास मोठी मौज दिसते. मूळ लॅटिन शब्द ‘नेस्किउस’. ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणे. अर्थात नेणता, अज्ञ. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा ‘नीस’ झाला व अर्थ झाला भोळसट, बावळट. इसवी सन 1300च्या सुमारास तो इंग्लंडात उतरला तो हीच शिदोरी घेऊन. 1400 साली निवर्तलेल्या चॉसरच्या काव्यात एखाद्याला हे विशेषण लावले असेल तर त्याची स्तुती चालली आहे असे समजू नये. त्याला मूर्ख म्हटले आहे.

पुढे या मूर्खाने वेश पालटायला सुरुवात केली. मूर्खाचा छचोर झाला, छचोराचा नखरेल झाला. नखरेल माणसाला सहसा काही पसंत पडत नाही, म्हणून तो चोखंदळ ठरला. चोखंदळाची नजर बारीक असते, म्हणून तो काटेकोर, सूक्ष्मदर्शी झाला. हे सारे पायरीपायरीने, एक अर्थ मावळल्यावर दुसरा उगवला, अशा शिस्तीने घडले नाही. सोळाव्या व सतराव्या शतकांत हे सगळे अर्थ एकाच घरात नांदत होते. त्या काळच्या कित्येक वाक्यांत लेखकाला नेमके काय अभिप्रेत होते हे कोशकारांनाही ठरवता येत नाही. 1755 साली डॉ. जॉन्सनने आपला कोश प्रसिद्ध केला, त्यात पहिला मान सूक्ष्म अचूकपणाला मिळाला आहे. चोखंदळ माणसाच्या पसंतीस उतरेल ते नाजूक, रुचकर, मनाजोगे, असे करता करता अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘नाइस’ म्हणजे ‘चांगला’ ही आजची मुद्रा त्यावर उमटली. नेणता होता तो आता सर्वांचा आवडता झाला.

या नव्या वैभवावर पहिली गाजलेली थट्टा केली ती जेन ऑस्टेनने. तिची ‘नॉर्दँगर ॲबी’ ही कादंबरी तिच्या मृत्यूनंतर, 1817च्या डिसेंबरात बाहेर आली. तीत भाबडी कॅथरीन एका रहस्यमय कादंबरीला ‘नाइस’ म्हणते आणि हेन्री टिलनी तिला कोपरखळी मारतो. पुस्तकाची बांधणी नीटस आहे, असेच ना तुझे म्हणणे, असे तो विचारतो. मग दिवस नाइस, फेरफटका नाइस, मुली नाइस, असा पाढा वाचून तो सांगतो की, मुळात हा शब्द नेटकेपणा आणि नाजूक अभिरुची यांच्यापुरताच होता. बिचारी कॅथरीन गप्प बसते. पण गंमत अशी की, टिलनीचे ‘मुळात’ मुळापर्यंत पोचतच नाही. तो ज्याला मूळ म्हणतो ती वाटेतली एक धर्मशाळा होती. मुळाशी जायचेच तर नाइस पुस्तक म्हणजे मूर्ख पुस्तक असे म्हणावे लागेल. शुद्धतेचे पुष्कळ कैवारी असेच आपल्या आजोबांच्या काळापर्यंत मागे जातात आणि तेथेच सृष्टीचा आरंभ झाला असे मानतात.

1926 साली फाउलरने इंग्रजी शब्दप्रयोगांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यानेही या शब्दाची कीव केली आणि त्याच्या ऱ्हासाचे खापर स्त्रियांच्या माथी फोडले. हा आरोप न्यायाचा नव्हे. पुरुषांनी तो शब्द काही कमी झिजवलेला नाही. पण फाउलरच्या दुःखाचे कारण खरे होते. सूक्ष्म भेद दाखवणारा शब्द आता स्वतःच भेद विसरला होता.

शब्दाचे नशीब उलट दिशेनेही फिरते. इंग्रजीतला ‘सिली’ मूळचा सुखी, धन्य. त्याचा जर्मन भाऊबंद ‘झेलिश’ आजही धन्यच आहे. इंग्रजीत मात्र धन्याचा निष्पाप, निष्पापाचा दुबळा आणि दुबळ्याचा मूर्ख झाला. एक चढला, एक उतरला. आपल्याकडे याहून मोठे पतन झाले. ‘देवानांप्रिय’ ही सम्राट अशोकाची पदवी. त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा 1882 साली आपल्या सोपाऱ्यास सापडला. ज्या पदवीने सम्राट प्रजेशी बोलत असे, तीच ‘ब्रह्मसूत्रभाष्या’त शंकराचार्य प्रतिपक्षाला टोमणा म्हणून देतात, आणि भट्टोजी दीक्षितांच्या ‘सिद्धान्तकौमुदी’त तिचा अर्थ मूर्ख असा नोंदलेला आहे. मराठीत ‘शहाणा’ या शब्दाकडे पाहा. ‘मोठा शहाणाच आहेस!’ हे ऐकून कोणी सुखावत नाही, आणि ‘दीडशहाणा’ तर शहाणपणाच्या पलीकडच्या तीरालाच लागलेला असतो. घरात दुधाचे पातेले उपडे झाले की आपण ‘छान केलंस!’ म्हणतो, अशाच प्रसंगी इंग्रजही ‘नाइस’ म्हणतो.

मग शुद्ध प्रयोग कोणता? व्युत्पत्ती हा शब्दाचा जन्मदाखला आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे. आज ‘नाइस मॅन’ म्हणणाऱ्याला लॅटिनचा धाक घालणे पोरकटपणाचे होईल. परंतु शब्दाचा अर्थ तारखेसह वाचला पाहिजे, एवढे पथ्य मात्र पाळलेच पाहिजे. नाहीतर लॉरेन्सच्या पत्राची गत होते. न्यायालयात वकील ‘नाइस पॉइंट’ म्हणतो तेव्हा तो मुद्द्याला गोड म्हणत नसतो. मुद्दा केसाएवढ्या भेदावर उभा आहे, असे त्याला सुचवायचे असते. जुना अर्थ तेथे अजून जिवंत आहे.

आणखी एक गोष्ट. चोखंदळ, काटेकोर, नाजूक, नीटस, रुचकर, लाघवी यांतला प्रत्येक शब्द आपल्याकडे वेगळे काम करतो. आता जेवण नाइस, साडी नाइस, व्याख्यान नाइस, स्वभावही नाइस, अशी मराठी बोलणी सर्रास कानी पडतात. यात इंग्रजी शब्द आला याचे फारसे वाईट वाटू नये. भाषा उसनवारी करीतच वाढते. वाईट याचे वाटावे की, एक पाहुणा आला आणि घरची सहा माणसे कामावरून उठली. जेवणाला रुचकर आणि माणसाला लाघवी म्हणण्यासाठी क्षणभर पारखावे लागते, आणि ती पारखच बोलण्यातून जाते. ‘नेणता’ या अर्थाने निघालेल्या शब्दाने जाणता होण्यासाठी काही शतके खर्ची घातली. जेथे तो पारख न करता वापरला जातो, तेथे तो पुन्हा आपल्या पहिल्या अर्थाला जाऊन मिळतो. फरक इतकाच की, आता नेणता शब्द नसून बोलणारा असतो.