मोर्शीचा टीव्ही आणि संत्र्याचे पाणी

बिघडलेल्या टीव्हीची पाठ उघडली की मेकॅनिकची नजर आधी सप्लायच्या बोर्डावर जाते. हे सर्वत्रच खरे आहे, कारण बाहेरच्या विजेचा पहिला घाव तोच भाग सोसतो. परंतु मोर्शी, वरूड, चांदूरबाजार या संत्र्याच्या पट्ट्यात त्या बोर्डाचा इतिहास सांगायचा, तर सुरुवात टीव्हीपासून करून चालत नाही. विहिरीपासून करावी लागते.

आंबिया बहार घेणारा बागायतदार हिवाळ्यात झाडांना ताण देतो, जानेवारीच्या सुमारास पाणी सोडतो आणि धरलेले फळ एप्रिल-मेच्या उन्हातून पार नेतो. पाण्याची निकड सर्वाधिक असते, नेमकी तेव्हाच विहीर सर्वांत खोल गेलेली असते. मोट गेली, डिझेल इंजिन आले आणि पुढे विजेची मोटर आली. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. त्यानंतर खेड्यापाड्यांत तारा पोहोचल्या, त्या घरातल्या दिव्यासाठी जितक्या, तितक्याच किंबहुना अधिक शेतातल्या मोटरीसाठी. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंडळाने शेतीपंपांना मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर आकारणी सुरू केली. मोटर दोन तास चालवा अथवा दहा तास, बिल तेवढेच. कोरडवाहू प्रदेशाला बागायती करणारा हा निर्णय होता. भूजल उपसण्याला त्याने लगाम ठेवला नाही, हेही तितकेच खरे. मोर्शी-वरूड हे तालुके पुढे भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले गेले. सिंभोऱ्याजवळचे अप्पर वर्धा धरण मोर्शीच्या उंबरठ्यावर आहे, पण सातपुड्याच्या पायथ्याच्या, वरच्या अंगाच्या बागा विहिरी आणि बोअर यांवरच उभ्या राहिल्या.

अशा या तारांवर टीव्ही आला.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण वऱ्हाडाला त्याचा उपयोग नव्हता. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेला आणि पाठोपाठ देशभर लहान प्रक्षेपण केंद्रांची रांग लागली, तेव्हा कुठे जिल्ह्याच्या गावी चित्र दिसू लागले. या केंद्रांची ताकद अनेकदा अवघी १०० वॅट असे आणि पल्ला वीस-पंचवीस किलोमीटरचा. मोर्शी अमरावतीपासून पन्नासहून अधिक किलोमीटर. म्हणून लांब पल्ल्याच्या गावांत छपरांवर उंच पाइप, त्यावर ॲन्टेना आणि सोबत बूस्टर हे दृश्य सर्रास झाले. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले आणि टीव्ही ही ऐपतवानाच्या घरची वस्तू न राहता गल्लीची वस्तू झाली.

अडचण अशी की डीपी एकच. त्याच डीपीवरून गावातले दिवे आणि शिवारातल्या मोटरी. चार-दोन मोटरी सुरू झाल्या की घरातला बल्ब पिवळा पडे. टीव्हीचे चित्र चारही बाजूंनी आत ओढले जाई आणि कडेला काळी चौकट उमटे. त्या काळच्या अनेक संचांमध्ये लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर असे. तो २३० व्होल्टचे ठरावीक प्रमाणात कमी व्होल्टेज करून देई. बाहेर १५० झाले तर आतही त्याच प्रमाणात घट. पुढचा रेग्युलेटर जास्तीचे छाटू शके, पण कमी पडलेले भरून काढणे त्याच्या हाती नव्हते. चित्राचे आकुंचन हे वस्तुतः शिवारातल्या पाण्याचे मोजमाप होते.

त्यावर दोन उपाय निघाले. पैसेवाल्यांनी स्टॅबिलायझर घेतला. आत वेगवेगळ्या टॅप काढलेली कॉइल आणि टॅप बदलणारे रिले. त्या रिलेची टकटक हा ऐंशीच्या दशकातल्या बैठकीच्या खोलीचा कायमचा आवाज. दुसरा उपाय अधिक देशी होता. चौदा इंची कृष्णधवल संचांपैकी बरेच आतून १२ व्होल्टवर चालत आणि बॅटरी जोडण्याची सोय मागे दिलेली असे. लाईन गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची आणि कार्यक्रम पुरा करायचा. (दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर ढकलून सुरू करावा लागे, तो भाग निराळा.)

रंगीत संचांबरोबर एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पद्धतीचा सप्लाय, रूढ होत गेला. त्यात येणाऱ्या विजेचे आधी डीसी करतात. २३० व्होल्टचे सुमारे ३२५ होतात आणि मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठतात. मग एक ट्रान्झिस्टर त्याचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे पाडतो. वारंवारता इतकी वाढल्याने ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा पुरतो. आत येणारे व्होल्टेज घटले की सर्किट तो ट्रान्झिस्टर अधिक वेळ चालू ठेवते, आणि पुढच्या टोकाला व्होल्टेज जागच्या जागी राहते. शंभरापासून पावणेतीनशे व्होल्टपर्यंत चित्र हलत नाही. कंपन्यांनी जाहिरातींत ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असे म्हटले ते यामुळेच.

गरज संपली नव्हती. तिची जागा बदलली होती. टीव्हीला लागणारी शक्ती तेवढीच राहते, म्हणून व्होल्टेज निम्मे झाले की सप्लाय दुप्पट करंट ओढतो. पूर्वी चित्र आकसून तक्रार करीत असे. आता चित्र स्वच्छ आणि बोर्ड तापलेला. त्यात वऱ्हाडाचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरमधला द्रव उष्णतेने वाळत जातो. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य अर्धे, हा त्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. फुगलेल्या डोक्याचा कॅपॅसिटर त्यामुळे या भागातल्या दुकानांत नित्याचा पाहुणा ठरला.

नव्या शतकात भारनियमन आले. मे २००१ मध्ये दाभोळचा प्रकल्प बंद पडला. मागणी वाढत राहिली, निर्मिती मागे पडली. जून २००५ मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली. जिथे गळती अधिक आणि वसुली कमी, तिथे अधिक तास अंधार, असे सूत्र ठरले. कोराडी, चंद्रपूर, पारस ही औष्णिक केंद्रे विदर्भात, कोळसा विदर्भाचा, राख विदर्भाच्या अंगणात, आणि अंधारही विदर्भाच्याच खेड्यांत. या विषमतेवर त्या वर्षांत जे बोलले गेले ते रागाने बोलले गेले, आणि तो राग अवास्तव नव्हता.

याच सुमारास महावितरणने अक्षय प्रकाश योजना पुढे आणली. तिची अट लक्षणीय होती. गावाने संध्याकाळच्या ठरलेल्या तासांत मोटरी लावायच्या नाहीत, तर त्या वेळी घरांना सिंगल फेज वीज मिळेल. पाणी आणि टीव्ही यांचा वीस वर्षांचा अबोल झगडा प्रथमच ग्रामसभेत, करार म्हणून मांडला गेला. काही ठिकाणी तो पाळला गेला. काही ठिकाणी शेतकऱ्यांनी कंडेन्सर लावून थ्री फेजची मोटर सिंगल फेजवर फिरवली. फळ गळण्याच्या दिवसांत बागायतदाराकडून दुसरी अपेक्षा करणे कठीणच होते. पुढे गावठाण आणि शेती यांचे फीडर वेगळे करण्याचे काम हाती घेतले गेले. खरा तोडगा तो होता.

भारनियमनात वीज जाते त्याने टीव्ही सहसा मरत नाही. मारते ती परत येणारी वीज. ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटरी त्याच क्षणी उठतात, व्होल्टेज कोसळते, उसळते, पुन्हा कोसळते. त्याहून घातक म्हणजे वादळात न्यूट्रलची तार तुटणे. मग घरातल्या जोडणीवर २३० ऐवजी दोन फेजमधले चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. त्याचे डीसी साडेपाचशेच्या पुढे जाते आणि ४०० किंवा ४५० व्होल्टचा कॅपॅसिटर फुटतो.

जुन्या मेकॅनिकला हे सारे फ्यूज पाहून वाचता येते. काच स्वच्छ आणि तार मधोमध तुटलेली: जुनाट थकवा. काच आतून काळी: पुढे कुठेतरी सरळ शॉर्ट, बहुधा स्विचिंग ट्रान्झिस्टर. फ्यूजशेजारची चकतीसारखी व्हॅरिस्टर जळालेली: न्यूट्रल तुटला होता, ग्राहक काहीही सांगो. आयटीआयमधला रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड आणि सर्किट डायग्रामची पुस्तके यांवर हा धंदा उभा राहिला. निदानाची ही भाषा मात्र त्याने इथल्या तारांकडून शिकली.

एलईडी संचांनी ती भाषा मागे सारली. सप्लाय, बॅकलाइट आणि मुख्य सर्किट एकाच बोर्डावर आले. दुकानात त्याला ‘थ्री-इन-वन’ म्हणतात. आयसीवरचे क्रमांक कधी खरवडलेले असतात आणि डायग्राम मिळत नाही. दहा-वीस रुपयांचा भाग शोधत बसण्यापेक्षा अख्खा बोर्ड बदलणे ग्राहकालाही परवडते. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. तालुक्याच्या दुकानात त्यावरून डायग्राम उतरवून घेण्याचा दिवस अद्याप यायचा आहे. २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीपंपांना दिवसा वेगळी वीज देण्याचा प्रयत्न सुरू आहे, आणि जिथे तो पोहोचला तिथे संध्याकाळचे व्होल्टेज सुधारले.

तरीही दुरुस्त केलेला बोर्ड थेट प्लगला लावत नाहीत. आधी साठ किंवा शंभर वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये जोडतात. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर बोर्ड ठीक. पूर्ण तेजाने जळत राहिला तर शॉर्ट अजून आहे. एलईडी दिवा या कामी चालत नाही, तार तापून विरोध वाढणारा जुना बल्बच लागतो. बाजारात तो आता सहज मिळत नाही, म्हणून मेकॅनिक लोक ते जपून, कागदात गुंडाळून ठेवतात.