डांबर, संगमरवर आणि प्राध्यापक गज्जर

मुंबईत १८७२ साली राणी व्हिक्टोरियाचा बैठा पुतळा उभारला गेला. शिल्पकार मॅथ्यू नोबल, दगड पांढरा संगमरवर, पैसा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांचा. १८९६ मध्ये एका रात्री दामोदर चाफेकरांनी त्यावर डांबर ओतले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. पुढे तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात त्यांनीच हे सांगितले आहे. २२ जून १८९७ ची, रँडवरील गोळीबाराची घटना विद्यार्थ्यांना पाठ असते. पुतळ्याचे पुढे काय झाले, हे मात्र वर्गात क्वचितच येते.

माळ काढता आली, डांबर निघेना. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लावले तर बुडबुडे येऊन दगडच विरघळतो. डांबर पाण्याला दाद देत नाही. खरवडावे तर पापणीची रेघ आणि ओठांची कड जाते, आणि व्यक्तिशिल्पातला चेहरा तेवढ्यातच असतो. टर्पेंटाइनसारख्या द्रावकाने डांबर सुटते खरे, पण पातळ होऊन ते दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत उतरते. वरचा काळा थर जातो, आत तपकिरी डाग राहतो. आज अशा डागांवर द्रावकात भिजवलेल्या मातीचा किंवा कागदाच्या लगद्याचा लेप देतात. लेप वाळू लागला की केशाकर्षणाने डाग बाहेर, लेपात ओढला जातो. एका लेपाने भागत नाही; धीर लागतो.

इतरांचे प्रयत्न फसल्यावर हा पुतळा स्वच्छ केला तो त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी. ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. त्याआधी बडोद्याच्या कलाभवनाच्या (१८९०) उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. कापडावर रंग पक्का कसा बसवायचा हे शिकवणारा माणूस दगडातला रंग काढायला बसला!

मग गज्जर सरकारधार्जिणे होते का? हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. मला तसे वाटत नाही. देशात रासायनिक उद्योग उभा राहावा यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. १९०७ मध्ये बडोद्यात सुरू झालेल्या अलेम्बिकच्या मागेही ते होते. परदेशी तज्ज्ञांना न जमलेले काम करून दाखवण्यातही एक उत्तर होतेच.

आम्ही लखनौत मानक नगरला राहतो. याच शहरात १९७६ पासून सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. असा पुतळा आज संरक्षकाकडे आला, तर आधी छायाचित्रे आणि डांबराचा नमुना घेतला जाईल, कारण ते डांबरही पुरावाच. चाफेकरांच्या डांबराचा असा नमुना जपलेला असता, तर तो मी वर्गात आधी दाखवला असता, पुतळा नंतर.