पाचाचं इंजिन ते घरचा जनरेटर

मंडळी, नात्यातून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. घराला जनरेटर किती मोठा घ्यावा? मी आयुष्यभर इतिहास शिकवला, तेव्हा उत्तरही थोडं मागूनच सुरू करतो.

आपल्या धाराशिवकडच्या शेतकऱ्याला ताकद मोजायला विहिरीनं शिकवलं. आधी मोट आणि बैल होते. मग ऑइल इंजिनं आली. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या काळात विहिरीवर, पिठाच्या गिरणीवर अशा इंजिनांची पुकपुक गावोगाव ऐकू येऊ लागली. विहीर किती खोल, पाणी किती आणि कुठवर चढवायचं, हे बघून तिनाचं की पाचाचं इंजिन ते ठरे. शेजाऱ्याचं पाहून मोठं घेतलं, तर विहीर लवकर तळ गाठी आणि डिझेल मात्र जाई.

२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं. हळूहळू खेड्यांत वीज आली आणि मोजायची सवय मोडली. बटण दाबलं की झालं, वॅट कोण विचारतो!

ती सवय भारनियमनानं परत लावली. ६ जून २००५ रोजी मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली. त्या सुमारास मागणी आणि पुरवठा यांतलं अंतर फार वाढलं होतं. खेड्यांत बारा-बारा तास अंधार असे. तेव्हा अक्षय प्रकाश योजना निघाली. संध्याकाळच्या वेळी गावानं आपणहून मोटारी, गिरण्या, शेगड्या बंद ठेवायच्या आणि त्या बदल्यात दिवे-पंख्यांपुरती वीज मिळवायची. एकानं गुपचूप मोटार लावली की भार साऱ्या गावावर. काय चालवायचं यापेक्षा काय बंद ठेवायचं हे आधी ठरवावं लागतं, हा धडा तिथे गावानं मिळून गिरवला. जनरेटरचं गणित याहून वेगळं नाही.

आता फळ्यावर मांडू. चार एलईडी दिवे ४० वॅट, दोन पंखे १५०, टीव्ही ८०, फ्रिज २००. बेरीज ४७०. पण फ्रिज सुरू होताना क्षणभर तिप्पट तरी ओढतो, म्हणून ४०० वाढवा. झाले ८७०. वर पाव हिस्सा मोकळा ठेवा, म्हणजे अकराशेच्या आसपास. जनरेटरवर केव्हीए लिहिलेलं असतं. त्याच्या साधारण ०.८ पट किलोवॅट धरा. दीड केव्हीएचे बाराशे वॅट होतात. भागलं!

यातच एक एचपीची पाण्याची मोटार धरली, की ती सुरू होतानाच तीन हजार वॅट किंवा जास्त मागते. मग थेट पाच केव्हीए. एका मोटारीपायी यंत्र तिपटीहून मोठं! त्यापेक्षा वीज असताना टाकी भरून ठेवा. आणि उगाच मोठा घेऊन डिझेल जनरेटर अगदी कमी भारावर तासन्‌तास चालवला, तर डिझेल नीट जळत नाही, काजळी धरते. चार दिवे आणि दोन पंखेच हवे असतील, तर इन्व्हर्टर पुरे.

असो. आकार चुकला तर पैसे जातात. पण दोन गोष्टी चुकल्या तर माणूस जातो. जनरेटर कधीही घरात किंवा बंद पडवीत लावू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि जोडणी चेंजओव्हर स्विच बसवूनच करा, तीही जाणकाराकडून. तो नसेल तर तुमच्या घरची वीज उलटी तारेत जाते, डीपीतून तिचा दाब वाढतो, आणि वीज बंद आहे या भरवशावर आपला वायरमन खांबावर चढलेला असतो. पावसात, रात्री, आपल्यासाठीच. केव्हीएचा हिशेब करताना त्यालाही धरा.