धुरांड्याच्या डोक्यावरची गाळणी

ब्रिटनला अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम हवं होतं आणि तेही तातडीने. म्हणून इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, विंडस्केलला, हवेने थंड होणाऱ्या दोन अणुभट्ट्या बांधायला घेतल्या. रचना अगदी सरळ होती. पंख्यांनी गाभ्यातून हवा ढकलायची आणि सुमारे १२० मीटर उंच धुरांड्यातून सोडून द्यायची.

हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्राचे प्रमुख जॉन कॉकक्रॉफ्ट १९४८ मध्ये अमेरिकेहून परतले ते काळजी घेऊनच. तिथल्या ओक रिजच्या तशाच भट्टीच्या परिसरात युरेनियमचे कण सापडले होते. विंडस्केलला इंधनाची एखादी नळी फुटली तर? धुरांड्यांना गाळण्या हव्यातच, असा त्यांनी आग्रह धरला. गाळणीची सोयीची जागा तळाशी; पण बांधकाम बरंच पुढे गेलेलं, तेव्हा ती थेट टोकावर चढवावी लागली. पोलाद, विटा, काँक्रीट, सगळं तेवढ्या उंचीवर न्यायचं! खर्च वाढला, काम लांबलं. पागोटं बांधल्यासारख्या दिसणाऱ्या त्या गाळण्यांना लोक ‘कॉकक्रॉफ्टचं खूळ’ म्हणू लागले.

पुढे तर कळलं, की ओक रिजचे ते कण भट्टीतले नव्हतेच. ते रासायनिक प्रक्रियेच्या कारखान्यातून उडाले होते. ज्या पुराव्यावर एवढा खटाटोप झाला तो पुरावाच लंगडा निघाला. तरी कॉकक्रॉफ्टना मी पूर्ण गुण देईन. नळी फुटली तर काय, ही शंका ओक रिजवाचूनही रास्तच होती.

१० ऑक्टोबर १९५७ रोजी पहिल्या भट्टीत आग लागल्याचं लक्षात आलं. ग्रॅफाइटमध्ये साठत जाणारी ऊर्जा अधूनमधून भट्टी तापवून मोकळी करावी लागे. ते करतानाच घात झाला. दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं, पंखे बंद केले, तेव्हा कुठे आग आटोक्यात आली. कणांचा मोठा वाटा गाळण्यांनी अडवला. वायुरूप किरणोत्सारी आयोडीन मात्र निसटलं, कुरणांतून गायींच्या दुधात उतरलं, आणि सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातलं दूध ओतून द्यावं लागलं. ‘खूळ’ हा शब्द त्यानंतर कुणी फारसा हसत उच्चारला नसेल.

गाळणीची पुढची पिढी निराळ्या कामाची: अपघातात भट्टीभोवतालच्या बंदिस्त कवचातला दाब वाढला, तर तो गाळून बाहेर सोडायचा. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या १९७९च्या अपघातानंतर स्वीडनने बार्सेबेक इथे त्यासाठी खडीने भरलेली प्रचंड गाळणी उभारली. फ्रान्सने वाळू वापरली. जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात २०११च्या अपघातावेळी दाब सोडायची वाट होती, तिच्यावर गाळणी नव्हती. जपानने २०१३च्या नियमांत तशा भट्ट्यांना ती सक्तीची केली. आता काही गाळण्यांमध्ये वायू अल्कधर्मी द्रावणातून बुडबुडत नेतात, त्यामुळे आयोडीनही बरंचसं अडतं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही फुकुशिमानंतर भारतीय भट्ट्यांसाठी अशी गाळणी विकसित केली.